गाव ओस पडलं म्हणता, मग शाळेत बसतंय कोण?

काल संध्याकाळी एसटी स्टॉपच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. विषय निघाला जनगणनेचा. २०२१ ची झालीच नाही, आता २०२७ ला होणार, तर बाळ्या बोलला, "कसली मोजणी रे, मोजायला माणूस उरलाय कुठं आपल्याकडं?"

खोटं नव्हता बोलत. २००१ ला रत्नागिरी जिल्हा होता १६ लाख ९६ हजार, २०११ ला १६ लाख १५ हजार. अख्खा महाराष्ट्र १६ टक्के वाढला आणि आपण नि सिंधुदुर्ग खाली आलो. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्यातली माणसंपण घटली, आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा गेला १ कोटी १० लाखावर. डोंबिवली, दिवा, नालासोपारा. आमच्या वाडीची निम्मी पोरं तिथंच आहेत.

पक्या म्हणाला, १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, तेव्हाच सगळे गावी परत आले असते तर आज ही वेळ नसती. यावर भाऊ भडकलेच, ते बहुतेक वेळ गप्प असतात पण त्यांचे वडील गिरणीत होते. "येऊन खाणार काय होते? सातबारा बघितलायस का कधी? आमच्या दीड एकराला त्रेचाळीस नावं आहेत, त्यातली वीस माणसं मी आयुष्यात बघितलेली नाहीत, एकाने लावायचं म्हटलं तर दुसरा विचारणार तू कोण, म्हणून कोणीच लावत नाही, मग रान वाढतं, डुकरं येतात, माकडं येतात, शेजारचा लावणारापण कंटाळून सोडतो." खरंच आहे ते. आमचा खालचा मळा, जिथं लहानपणी मी लावणीला पोटरीभर चिखलात उभा असायचो, तिथं आता बांधसुद्धा दिसत नाही.

मग सुन्याने तो नेहमीचा मुद्दा काढला, की आपल्याकडं हजार पुरुषांमागं ११२२ बायका, बघा कोकणात बाईला किती मान आहे. मला राहवलं नाही. अरे, सहा वर्षांखालच्या पोरांत आपल्याकडंपण मुली कमीच आहेत. तो आकडा मानाचा नाही, पुरुष गाव सोडून गेल्याचा आहे. सासू सांभाळायची, गुरं बघायची, शेत करायचं आणि मनीऑर्डरची वाट बघायची, हे आमच्या आईने तीस वर्षं केलंय, त्याला मान म्हणू नका.

आणि गाव रिकामं झालंय हेपण मला पटत नाही. कलमांच्या बागा राखतंय कोण? नेपाळी. बंदरात बोटींवर खलाशी कोण? त्यातलेपण बरेच नेपाळी. चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातली माणसं. वाडीतल्या शाळेत परवा गेलो होतो, पटावर नऊ पोरं, त्यातली चार बागेतली. एक चिमुरडी फळ्यावर बाराखडी काढत होती, तिला विचारलं आई कुठंय, तर म्हणाली, "आयस बागेत गेलेय." आमच्या डोंबिवलीच्या पुतण्याला हे असं बोलता येत नाही. ही चार पोरं नसती तर ती शाळा कधीच बंद पडली असती.

बाळ्या म्हणाला, "ते काय आपले नाय, उद्या जातील उठून."

म्हटलं, आपण नाही गेलो उठून? आपले आजे भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांना तिथं कोण आपलं म्हणत होतं?

गप्प झाला, पण पटलं नाही त्याला, चेहऱ्यावर दिसत होतं. नसू दे. मोजणी १ मार्च २०२७ धरून होणार, म्हणजे शिमग्याच्या आधी, चाकरमानी तेव्हा इथं नसणार आणि बागेतल्या खोपी भरलेल्या असणार. घरोघर फिरायला बहुतेक शाळेतल्या गुरुजींनाच लावतील. त्यांना आजच सांगून आलोय, वरच्या बागेतल्या शेवटच्या खोपीपर्यंतची वाट मी दाखवतो.