‘डोळे मिटून इंट३२ टाका’ हा सल्ला घातक आहे

इंदूरच्या कॉलेजच्या पोरांत एक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्याने तो वाचून लोकमान्यनगरच्या गच्चीवरच्या नोडचा, म्हणजे मेशटॅस्टिक या रेडिओ-जाळ्यातल्या आमच्या यंत्राचा, मेसेज-फॉरमॅट बदलायलाही घेतला, म्हणून लिहिणं भाग पडलं. मेसेज म्हणतो: प्रोटोबफमध्ये (माहिती बाइटांत बांधून पाठवायची पद्धत) आकड्यांसाठी सगळीकडे इंट३२ हा प्रकार वापरा, उणे आकडे आपल्याकडे येतात कुठे, फिक्स्ड३२ (कायम चार बाइट घेणारा प्रकार) ही उधळपट्टी, आणि प्रकार काय, नंतर कधीही बदलता येतो.

उणे आकडे येत नाहीत? अहो, लोराचा (मेशटॅस्टिक ज्यावर चालतं ते लांब पल्ल्याचं रेडिओ तंत्र) आरएसएसआय, म्हणजे मिळालेल्या सिग्नलची ताकद, रोज उणेच दिसतो! राजेंद्रनगरचा सिग्नल −११० डीबीएम मिळाला आणि तो पुढे कळवायचा झाला, तर इंट३२ दहा बाइट खातो. उणे आकडा आधी ६४ बिटांपर्यंत ताणला जातो आणि व्हेरिंटच्या, म्हणजे आकड्यानुसार कमी-जास्त बाइट घेणाऱ्या मांडणीच्या, एका बाइटात सातच बिट मावतात. एसइंट३२ हा प्रकार झिगझॅगने (उणे-अधिक आकडे आलटून-पालटून अधिक आकड्यांवर बसवून) −११० चे २१९ करतो, काम दोन बाइटांत होतं. प्रोटोबफच्या अधिकृत माहितीत, प्रकारांच्या तक्त्यातच लिहिलंय की उणे आकडे येणार असतील तर एसइंट३२ घ्या. फॉरवर्ड करण्याआधी तेवढं तरी वाचायचं.

आठ बाइटांनी काय बिघडतं, असंही विचारतात. मेशटॅस्टिकच्या लाँगफास्ट या रेडिओ-सेटिंगवर एक बाइट हवेत साधारण साडेसात मिलिसेकंद घेतो. आठांचे झाले साठ, आणि मेसेज पुढे ढकलणारा प्रत्येक नोड ते पुन्हा खर्च करतो. तेवढा वेळ चॅनेल सगळ्यांसाठीच अडलेला.

फिक्स्ड३२ बद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. बॅटरीची टक्केवारी व्हेरिंटच्या एका बाइटात बसते, तिथे चार कशाला? इंदूरचा अक्षांशही, एक कोटीने गुणला तरी २२ कोटी ७२ लाखांच्या आसपास, म्हणजे चार बाइटांतच. पण व्हेरिंटची चार बाइटांची हद्द २६ कोटी ८४ लाखांवर संपते. आपला रेखांश ७५ कोटींच्या पुढे, युनिक्स वेळ (१९७० पासूनचे सेकंद) त्याहून मोठी. दोघांना पाच-पाच बाइट लागतात, फिक्स्डला चारच. मेशटॅस्टिकने अक्षांश-रेखांशाला एसफिक्स्ड३२ (उणे आकडेही घेणारा चार बाइटांचा प्रकार) दिलंय ते उगाच नाही.

आणि ‘नंतर बदलता येतो’ हे तर सर्वांत वाईट. इंट३२ आणि एसइंट३२ दोन्ही हवेत व्हेरिंट म्हणूनच जातात, त्यामुळे जुना नोड चूक दाखवतच नाही. तो −११० च्या जागी गुपचूप २१९ वाचतो, आणि तुम्ही अँटेना तपासत बसता. प्रकार बदलायचाच असेल तर नवा फील्ड नंबर (मेसेजमधल्या त्या रकान्याचा क्रमांक) द्या, जमल्यास १ ते १५ मधला, म्हणजे आकड्याआधी जाणारा टॅग एका बाइटात राहील. आणि जुना नंबर रिझर्व्ह करून टाका, म्हणजे तो पुन्हा कुणी वापरणार नाही.