‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ म्हणणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा करा

शनिवारची रात्र, पावणेअकरा. घरी सगळे जेवून झोपले असतील आणि मी बेळगावच्या उद्यमबागेत, स्टोअरच्या मागच्या आठ बाय सहाच्या खोलीत, सर्व्हरची गरम हवा खात बसलोय. स्क्रीनवर मेलची रांग दिसतेय, 61. हलत नाही. सकाळपासून मालकांचे अकरा फोन झाले. पहिला सव्वानऊला, "अरे, त्या पुण्याच्या पार्टीचं मेल येऊलालं न्हाई बघ." अकरावा आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. त्यात नुसतंच "काय?"

काय म्हणजे काय? हायब्रीड झालंय, मालक. तुम्हीच मागितलं होतं.

ज्यांना हा रोग अजून लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपनीतल्या काही माणसांचे मेलबॉक्स आपल्याच सर्व्हरवर, काहींचे क्लाउडवर, आणि पत्त्यातलं कंपनीचं नाव सगळ्यांचं एकच. कोण कुठं बसलाय हे बाहेरच्याला कळताच कामा नये. ऐकायला झकास. गावाकडं भाऊ वेगळे होतात, जमीन वाटून घेतात, मध्ये बांध घालतात, पण विहीर सामाईक ठेवतात, तसं हे. सामाईक विहिरीवर पुढं काय काय होतं ते खानापूर-निपाणीकडच्या माणसाला मी सांगायला नको. मोटर कुणाची, पाळी कुणाची, बिल कुणी भरायचं. आमचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं ते सामाईक नाव, ती विहीर, आणि रात्री बॅटरी घेऊन पाणी फिरवायला जाणारा गडी मी.

मालकांचं म्हणणं असं की हिशेब, ड्रॉइंग आणि दर हे सगळं "आपल्या घरात" राहिलं पाहिजे. विक्रीची पोरं पुणे-चेन्नई फिरतात, त्यांना फोनवर मेल पाहिजे, म्हणून ती आणि बाकीची क्लाउडवर. शिवाय क्लाउडला माणशी दरमहा भाडं. 68 पैकी 22 माणसं घरात ठेवली की तेवढं भाडं वाचलं. माझ्या रात्री कुठल्या खात्यात धरल्या, ते मात्र कुणी सांगत नाही. अर्धं अर्धं केलं की काम अर्धं होत नाही हो! दोन्हीकडचं पूर्ण करावं लागतं, वर मधला सांधा हे तिसरं काम. कास्टिंगच्या धंद्यातल्या माणसाला तरी हे कळायला हवं होतं. साच्यात दोन बाजूंनी आलेला रस मध्ये नीट एकजीव झाला नाही की कोल्ड शट पडतो आणि पीस रिजेक्ट होतो. तिथं मालक फोरमनला शिव्या घालतात. इथं मला.

हे जोडून द्यायला एक पार्टनर कंपनी आली होती. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, "सर, विझार्ड आहे. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. अर्धा दिवस." अर्ध्या दिवसाचे सात आठवडे झाले. विझार्ड, म्हणजे विचारत विचारत सगळं जोडून देणारा प्रोग्रॅम, खोटा नाही. तो खरंच नेक्स्ट-नेक्स्ट आहे. पण तो कधी? आधीचं सगळं घर स्वच्छ असेल तर. आणि आमचं घर 2009 पासून कुणी झाडलेलं नव्हतं.

पहिलीच ठेच लॉगिनच्या नावाला. आमच्या आतल्या नेटवर्कचं नाव .लोकल वर संपतं. त्या काळी सगळे तसंच करायचे. पण इंटरनेटवर .लोकल नावाचं काही चालत नाही, म्हणून क्लाउड तसली नावं घेत नाही. सगळ्यांच्या लॉगिनला नवं शेपूट लावायचं. ठीक. मग आले पाटील. आमच्याकडे पाटील सहा. त्यात मराठी पाटील आहेत, कन्नड पाटील आहेत, आणि एस. पाटील तिघं. कधीतरी कुणीतरी एकाचा जुना पत्ता दुसऱ्याला जोडून ठेवलेला. घरातल्या सर्व्हरवर ते वर्षानुवर्षं खपलं. वर न्यायला गेलो तर घरची माणसांची यादी क्लाउडवर उतरवणारं डिरेक्टरी सिंक अडून बसलं, एक पत्ता दोघांना देता येणार नाही. बरोबरच आहे त्याचं. पण दुरुस्त करायचं घरात, आणि वर दिसणार पुढच्या सिंकला, म्हणजे मुद्दाम ढकललं नाही तर अर्ध्या तासानं. एक पाटील बदला, थांबा, बघा, चहा प्या, दुसरा पाटील बदला.

आता आमच्या गावची खास मजा ऐका. कंपनीचं डोमेन जुनं, त्यात गावाचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर नाव बदललं, आणि मालकांनी नव्या स्पेलिंगचं दुसरं डोमेन घेऊन ठेवलं. जुनं सोडायचं नाही, कारण वीस वर्षांची गिऱ्हाइकं त्यावर. नवं पण पाहिजे, कारण कागदपत्रांशी जुळायला हवं. नावाच्या वादात मी पडत नाही, मी बोर्ड रंगवणारा नव्हे. पण त्यामुळे प्रत्येकाचे दोन पत्ते, मेल कुठं आणून टाकायचा ते सांगणारे दोन एमएक्स, दोन एसपीएफ, दोन ऑटोडिस्कव्हर, आणि सर्टिफिकेटवर दोन्ही नावं. दुसऱ्या कुठल्या गावातला माणूस हे दोनदा करत असेल तर मला येऊन भेटा, कुंदा खायला घालतो.

एसपीएफवरून तर माझं डोकंच फिरलं होतं. तुमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, याची ती यादी. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नेटवरच्या नावांच्या वहीत, ती एकच असावी लागते. आमच्याकडे घरच्या सर्व्हरची एक होती. पार्टनरच्या पोरानं तीच वाढवायची सोडून क्लाउडची दुसरी खाली चिकटवली. एका डोमेनला दोन यादी म्हणजे एकही नाही, तपासणारा थेट चूक म्हणून सोडून देतो. आठ दिवस आमची कोटेशनं लोकांच्या स्पॅममध्ये पडत होती आणि आम्ही म्हणत होतो, बाजार थंड आहे. कळल्यावर दुरुस्त करायला गेलो तर डीएनएसचा पासवर्ड नाही. तो कुणाकडे? 2011 साली वेबसाईट करून दिलेल्या पोराकडे. तो कुठं? दुबईत. त्याला उठवून, गोड बोलून, त्याच्या जुन्या ईमेलवर ओटीपी मागवून ते झालं. त्याच्याशी मी एवढं गोड बोललो की बायकोनं विचारलं, कुणाशी बोलताय?

फायरवॉलचं थोडक्यात सांगतो, नाहीतर ब्लडप्रेशर वाढेल. घर आणि क्लाउड यांच्यामधला मेल 25 नंबरच्या पोर्टवरून एन्क्रिप्ट होऊन जावा लागतो, आणि मध्ये तो कुणी उघडून बघायचा नसतो. आमची फायरवॉल बघत होती. तपासणीच्या नावाखाली ‘एन्क्रिप्शन सुरू करू या’ हे वाक्यच ती मधल्या मध्ये खाऊन टाकायची. तीन रात्री गेल्या. एक टिकमार्क काढायचा होता.

मग मेलबॉक्स हलवणं. खरेदीवाल्यांचा 38 जीबीचा. त्यात शुभ सकाळ, सूर्योदय, गणपती, फेटा घातलेलं मांजर. आमच्या लाईनचा अपलोड किती ते विचारू नका. 95 टक्क्यांवर येऊन थांबतं. घाबरलो. मग वाचलं की थांबायचंच असतं, शेवटची पलटी तुम्ही सांगाल तेव्हा मारतं. तेवढं आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी त्या 95 समोर देवासमोर बसल्यासारखा बसून होतो. पलटी झाल्यावर प्रत्येकाच्या आउटलुकवर पाटी येते, ॲडमिननं बदल केलाय, बंद करून परत उघडा. तेवढं वाचून तेवढंच करायचं. एकानंही केलं नाही. सगळ्यांनी फोन केला. अगदी शेजारच्या टेबलावरच्यानं पण फोन केला.

आणि घरातल्या 22 जणांना पासवर्ड विचारणारी ती पांढरी खिडकी! दर पाच मिनिटांनी. कारण पार्टनरच्या त्याच पोरानं उत्साहाच्या भरात ऑटोडिस्कव्हर क्लाउडकडे वळवलेलं. माझा मेलबॉक्स कुठं आहे, असं आउटलुक ज्या दारात जाऊन विचारतं ते दार. काही मेलबॉक्स घरात आहेत तोवर ते घराकडेच ठेवायचं, घरचा सर्व्हर ज्याला पाहिजे त्याला वर पाठवतो. उलट नाही चालत. अकाउंटच्या आक्का चार दिवस पासवर्ड टाईप करत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मी आता टाईपच करत न्हाई, क्रॉस मारतो. तू बघ." त्यांचं अजून एक प्रकरण आहे. आक्का घरात, डिस्पॅचचा सामायिक मेलबॉक्स क्लाउडवर. उघडून वाचता येतो. पण डिस्पॅचच्या नावानं उत्तर पाठवायचं तर ती परवानगी आपोआप पलीकडे जात नाही, दोन्ही बाजूंना हातानं द्यावी लागते. मी एकीकडं दिली होती. ट्रक गेटवर उभा, ड्रायव्हर बिडी ओढतोय, आणि आक्का मला शोधतायत.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, खोटं कशाला बोलू. जुनं स्कॅनर मशीन, ज्याला नव्या पद्धतीचं लॉगिन म्हणजे काय हेच ठाऊक नाही, ते घरच्या सर्व्हरमार्फत गुमान मेल पाठवतं. क्लाउडनं नुसत्या नाव-पासवर्डवरचं जुनं लॉगिन 2022 च्या ऑक्टोबरपासून बंद करायला घेतलं, तेव्हा सगळं वर नेलेल्या ओळखीच्या लोकांना आपली मशीनं मुकी होणार असा घोर लागला. आमचं चालू राहिलं. हे मालकांना सांगू नका, नाहीतर अजून दहा वर्षं ही सर्व्हरची पेटी इथून हलणार नाही.

आणि पेटी हलणार नाहीच म्हणा. तिच्यातलं मेलचं सॉफ्टवेअर म्हणजे एक्स्चेंज. त्याच्या 2016 आणि 2019, दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पुढची सबस्क्रिप्शन एडिशन, म्हणजे परत पैसे. मालक म्हणाले, मग सगळ्यांनाच वर घाल आणि पेटी बंद कर. मी म्हटलं, माणसांची मूळ यादी आपल्या घरात आहे तोवर मेलचे पत्ते बदलायची हत्यारं पण घरातच लागतात. एक्स्चेंज 2019 च्या, 2022 च्या एप्रिलमध्ये आलेल्या अपडेटनंतर शेवटचा सर्व्हर बंद ठेवता येतो, पण नीट, ठरल्या पद्धतीनं, उपटून फेकायचा नाही. मालकांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बंद करायचं, खरं काढायचं न्हाई?" हो. तेवढं एक वाक्य त्यांना पहिल्यांदाच बरोबर कळलं.

आता आजची रात्र. घर आणि क्लाउड एकमेकांना ओळखतात ते सर्टिफिकेटवरून. घरीच छापलेलं चालत नाही, मान्यताप्राप्त कंपनीकडून विकत घ्यावं लागतं, आणि त्याची मुदत संपते. यंदा मालकांच्या भाच्यानं नेटवर स्वस्त बघितलं. दुसऱ्या कंपनीचं. सहाशे रुपये वाचले. मी काल सर्व्हरवर चढवलं, वेबवर हिरवं दिसलं, घरी गेलो. आज सकाळी जुन्याची मुदत संपली आणि विहिरीचं पाणी तुटलं. कारण कनेक्टर, म्हणजे घर आणि क्लाउड यांच्यातला मेलचा सांधा, सर्टिफिकेट कुणाला दिलंय एवढंच बघत नाही, कुणी दिलंय तेही नावासकट लक्षात ठेवतो. देणारा बदलला, कनेक्टर जुन्याच्या नावानं हाका मारत बसला. सहाशे रुपयांसाठी अकरा फोन, 61 मेल आणि माझा शनिवार. आणि ही मुदत आता कमी कमी होत चाललीय. 15 मार्च 2026 पासून दिलेल्या सर्टिफिकेटला जास्तीत जास्त 200 दिवस, 2029 मध्ये 47 दिवस. 47! भाचा तेव्हा दर दीड महिन्याला स्वस्त बघणार.

सव्वाअकरा. सापडलं ते बदललं. पाठवणारा कनेक्टर, घेणारा कनेक्टर, दोन्हीवर नव्या देणाऱ्याचं नाव घातलं, सर्व्हिस परत चालू केली. 61. 61. 58. चाललं! 49. 40. मी खुर्चीतून उठलो, पाठ सरळ केली. 33.

आणि लाईट गेली. सर्व्हर इन्व्हर्टरवर, तो चालू. राउटर चालू. पण पुढच्या खांबावर नेटवाल्यांची डबी आहे, तिला बॅकअप नाही. नेट गेलं. बाहेर धो धो पाऊस. 31 वर रांग थांबली.

वॉचमन बॅटरी घेऊन दारात आला. गोकाककडचा म्हातारा माणूस, मराठी त्याला समजतं पण बोलत नाही. सात आठवडे मला इथं रात्री बसलेला बघतोय.

"मेल बंतेन री?" त्यानं कानडीत विचारलं. मेल आला का?

"अर्ध बंतु री," म्हटलं.