खुलासा: समितीत नाव घातलं म्हणजे गाव सोडायला 'हो' म्हटलं, असं नाही

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय: 'भीमगड अभयारण्याच्या ग्राम अरण्य समितीत सही कराल, तर गाव उठवायला संमती दिली असं धरलं जाईल.' हे खरं नाही.

समितीचं काम वणवा रोखणं, रोपं लावणं, गस्तीला मदत करणं. बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ रॉटन वटवाघळांना त्रास होऊ नये म्हणून बघ्यांना आवरायचं, तर ते गावचीच माणसं करू शकतात. पुनर्वसनाची वाट निराळी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(२) नुसार अभयारण्यातलं गाव वन्यजीवांसाठी हलवायचं, तर आधी लोकांचे हक्क निकाली काढावे लागतात, मग ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण आणि लेखी संमती लागते. त्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. रजिस्टरवरची एकटी सही तिथं चालत नाही.

अफवा हवेतून आलेली नाही, हेही खरं. अभयारण्यातल्या तळेवाडी गावात कुटुंबामागे १५ लाखांच्या स्वेच्छा पुनर्वसनाचा विषय झाला, लोक बिचकले. त्यात कागद कानडीत, आणि सही करणारी आजी मराठीसुद्धा जेमतेम वाचणारी! तेव्हा कागद सभेत मराठीत वाचून दाखवा म्हणायचं, प्रत मागायची, मगच अंगठा. हिरडा, शिकेकाई, मध गोळा करायचा हक्कही याच वनहक्क कायद्यातला आहे; त्याचा दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा, ग्राम अरण्य समितीकडे नव्हे.