३२ वर्षं चिकुनगुनिया कुठे होता?

माझं माहेर बार्शीचं. बार्शी म्हटलं की लोकांना भगवंताचं मंदिर आठवतं, पण व्हायरसवर काम करणाऱ्या लोकांच्या कागदपत्रांत आमच्या गावाचं नाव वेगळ्याच कारणासाठी पक्कं बसलंय. १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती, गावातली जवळपास ३७.५ टक्के माणसं आजारी पडल्याची नोंद आहे, म्हणजे दर आठ माणसांत तीन. त्याआधी १९६३ ला कलकत्ता, १९६४ ला मद्रास, वेल्लोर, पाँडिचेरी, आणि मग बार्शी. आणि बार्शीनंतर काहीच नाही. पुढची ३२ वर्षं देशात मोठी साथ नाही. पुण्याच्या एनआयव्हीच्या, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, डॉ. खोरशेद पावरी यांनी तर १९८६ साली हा व्हायरस भारतातून आणि आग्नेय आशियातून नाहीसा झाल्याबद्दल लेखही लिहिला होता.

मग २००५ च्या शेवटी आंध्रात तापाचे पेशंट वाढायला लागले, पाठोपाठ कर्नाटक आणि आपल्याकडे, आणि २००६ मध्ये देशभरात सरकारी आकड्यानुसार १३ लाखांच्या वर संशयित रुग्ण, त्यातले अडीच लाखांच्या वर एकट्या महाराष्ट्रात. ज्यांनी ते वर्ष बघितलंय त्यांना सांगायला नको. घरातली सगळी माणसं एकाच वेळी अंथरुणात, पाणी द्यायला उठणारं कुणी नाही. ताप आठवड्यात उतरायचा पण सांधे महिनोन्‌महिने धरलेले असायचे. माझ्या आईला सकाळी मूठ वळता येत नव्हती, पीठ मळणं तर लांबच, आणि हे पाच-सहा महिने चाललं. शेतमजुरी करणाऱ्या बायकांचं काय झालं असेल याचा हिशोब कुणीच ठेवला नाही.

मी लॅब टेक्निशियन आहे, त्यामुळे मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भिडणारी गोष्ट कदाचित इतरांना कोरडी वाटेल, तरी सांगते. २००६ ला पहिला प्रश्न हा होता की हा बार्शीचाच जुना व्हायरस लपून बसला होता आणि परत उठला, का बाहेरून नवीन आला? याचं उत्तर मिळालं कारण १९६३ पासून १९७३ पर्यंतचे व्हायरसचे नमुने पुण्यात कुणीतरी नीट लेबल लावून जपून ठेवले होते. एनआयव्हीच्या लोकांनी जुन्या आणि नव्या व्हायरसचे जीन्स शेजारी ठेवून बघितले तर जुने सगळे आशियाई प्रकारचे निघाले आणि २००६ चे आफ्रिकी प्रकारचे. म्हणजे बार्शीचा व्हायरस परत आलाच नव्हता, हा दुसराच होता. त्याची वाटही दिसते, २००४ ला केनियाचा किनारा, २००५ ला हिंदी महासागरातली कोमोरोस बेटं, मग तिथलंच रीयुनियन बेट, तिथे तर एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या आजारी पडली, आणि त्याच सुमाराला भारत. आपल्याकडे तोवर एक अख्खी पिढी मोठी झाली होती जिच्या रक्तात या व्हायरसविरुद्ध काहीच नव्हतं, आणि हा व्हायरस पसरवणारे एडिस डास तर घरोघरी होतेच.

आता खरी गोष्ट यवतची. पुण्याहून सोलापूरला येताना लागतं तेच यवत. तिथल्या डासांमधून २००० साली मिळालेला चिकुनगुनियाचा एक नमुना पुण्यात होता, त्याचे जीन्स तपासले तर तोही आफ्रिकी प्रकारचाच! साथ यायच्या पाच वर्षं आधी, पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर. एका नमुन्यावरून सगळा इतिहास सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण साथ नसताना, कुणी मागितलं नसताना कुणीतरी डास पकडले, तपासले, नमुना सांभाळला, म्हणून निदान हा प्रश्न तरी विचारता आला. असे डास दर वर्षी पन्नास गावांत पकडले असते तर? २००१, २००२, २००३ मध्ये हा व्हायरस कुठे कुठे होता हे आज आपल्या हातात असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुठेही ठासून सांगेन, की साथ नसलेल्या वर्षांत केलेलं हे कंटाळवाणं काम हेच खरं काम आहे, आणि नेमकं तेच आपण सगळ्यात आधी बंद करतो.

व्हायरस काही एका जागी बसत नाही. २००७ ला केरळात जो सापडला त्यात एका प्रोटीनमधला एक छोटासा बदल होता, ए२२६व्ही म्हणतात त्याला, आणि तेवढ्या बदलाने तो एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासातही जोरात वाढायला लागला. हा बागांमधला, झाडीतला डास, केरळात रबराचा चीक गोळा करायच्या वाट्यांत पावसाचं पाणी साचतं तिथे भरपूर होणारा. त्याच वर्षी केरळातून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीत रॅव्हेनाजवळच्या गावांत दोनशेच्या वर लोक आजारी पडले. युरोपात, जिथे कुणी कल्पनाही केली नसेल.

आणि मोजणी न करण्याची किंमत बघा. चिकुनगुनियाने माणूस मरत नाही असं तेव्हा सगळीकडे सांगत होते, सरकारी नोंदीत त्याने मृत्यू नव्हतेच. पण अहमदाबादमधल्या संशोधकांनी महापालिकेची मृत्यूनोंदणी काढून आधीच्या वर्षांशी ताडून बघितली तर २००६ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त निघाले. सगळे चिकुनगुनियानेच असं कुणी म्हणत नाही, पण साथ ऐन भरात होती तेव्हाच हे झालं. ती म्हातारी माणसं, शुगरवाली, हार्टवाली, वारली आणि कागदावर दुसरंच काहीतरी कारण लागलं.

मी आधी एका ठिकाणी काम करायचे तिथे डेंग्यू निगेटिव्ह आला की विषय संपला, पेशंटला व्हायरल फीवर म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवायचे. सांधे धरलेत म्हणून सांगणाऱ्या बायकांचं सॅम्पल पुढे पाठवा म्हणून मी किती वेळा म्हटलं, किट नाही, फॉर्म नाही, कुरिअर नाही. शिवाय टेस्टची वेळही महत्त्वाची असते, पहिल्या चार-पाच दिवसांत पीसीआर, म्हणजे रक्तातला व्हायरसच शोधणारी टेस्ट, करावी लागते आणि आयजीएम एलायझा, म्हणजे शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी टेस्ट, त्यानंतर पॉझिटिव्ह यायला लागते, दुसऱ्याच दिवशी एलायझा करून निगेटिव्ह म्हणून सोडून दिलं तर ती केस गेलीच. अशा किती गेल्या असतील! २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात परत चिकुनगुनिया वाढला तेव्हा सगळ्यांना अचानक आल्यासारखं वाटलं, मला अजिबात वाटलं नाही.

डासांचं म्हणाल तर आमच्या सोलापूरकडे ही गोष्ट थेट नळाशी जोडलेली आहे. पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून लोक बॅरल, हौद, रांजण, मिळेल त्यात भरून ठेवतात आणि एडिसला अळीपासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आशाताई येऊन कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, म्हणून सांगतात, पण पुढचं पाणी कधी येणार माहीत नसताना कोण बॅरल ओतून देईल? मी तरी नाही देणार. आणि नुसतं ओतून भागतही नाही, अंडी काठाला चिकटून कोरडी कित्येक महिने जिवंत राहतात, घासावंच लागतं. धूर फवारणीचा फोटो पेपरात येतो, पण ज्या नगरपालिकेने पाणी रोज दिलं तिने डासांचं जास्त काम केलं असं मी म्हणेन. तोपर्यंत झाकण, ॲबेट हे अळ्या मारायचं औषध, गप्पी मासे, जे जमेल ते.

एक विनंती आहे. १९७३ ची साथ आठवणारी माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात बार्शीचं कुणी असेल तर त्यांना विचारून खाली लिहा, कोणती गल्ली, कोणता महिना, घरात किती जण पडले, सांधे किती दिवस दुखले, तेव्हा पाणी कशात साठवायचे. मी सगळं एका वहीत उतरवून घेतेय, आत्याने आणि तिच्या दोन शेजारणींनी सांगितलेलं झालंय लिहून.