‘कोणतेही ६० युनिट करा, बर्कलीत सीएस पक्कं’: या सल्ल्यात काय काय चुकतं

यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे (बर्कली, यूसीएलए हे तिचेच कॅम्पस), प्रवेशाचे निकाल लागले की कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतो. हल्ली तो पुण्या-नाशिकच्या बारावीवाल्या पालकांपर्यंतही पोचलेला असतो. गोषवारा असा: “चार वर्षांच्या कॉलेजात पैसे घालवू नका. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं कोणतेही ६० युनिट करा. आधी जनरल एज्युकेशन उरका, कॉम्प्युटरचं नंतर बघता येतं. टॅग नावाची हमी असते, त्यामुळे बर्कली किंवा यूसीएलएत सीएस पक्कं. नाहीच मिळालं तर दुसऱ्या मेजरला शिरा आणि आत गेल्यावर बदला. खर्च अर्धा, डिग्री तीच.”

आधी शब्द: सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, युनिट म्हणजे कोर्सचे श्रेयांक, मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जनरल एज्युकेशन म्हणजे सगळ्यांना लागणारे सामान्य विषय. कम्युनिटी कॉलेज हे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून ट्रान्सफर घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं अशी ही कल्पना. यातलं ‘डिग्री तीच’ पूर्ण खरं आहे. बर्कलीतून पदवी घेतली की ती बर्कलीचीच, पहिली दोन वर्षं कुठे काढली हे त्या कागदावर नसतं. खर्चाचं अर्धं खरं आहे. मधल्या सगळ्याच्या भरवशावर मात्र एक-दोन वर्षं सहज वाया जातात.

आपल्याकडच्यांना हे लगेच पटतं त्याला कारण आहे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाणारी मुलं प्रत्येकाच्या नात्यात असतात. पण तिथे शाखा पहिल्या दिवशी ठरलेली असते आणि एमएसबीटीईचा अभ्यासक्रम राज्यभर एकच असतो. कॅलिफोर्नियात शंभराहून जास्त कम्युनिटी कॉलेजं आहेत, प्रत्येकाचे कोर्स वेगळे आणि प्रत्येक विद्यापीठाशी त्यांचा करार वेगळा. कोणता कोर्स कुठे धरला जाणार हे विद्यार्थ्यालाच जुळवावं लागतं.

“कोणतेही ६० युनिट चालतात”

६० सेमिस्टर युनिट, म्हणजे ९० क्वार्टर युनिट, हा यूसीत तिसऱ्या वर्षाला अर्ज करण्याचा उंबरठा आहे. त्यासोबत सात कोर्सचा एक संच लागतो: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि कला-मानव्य, समाजशास्त्र, विज्ञान यांपैकी किमान दोन क्षेत्रांतून चार. जीपीए राज्यातल्या विद्यार्थ्याला किमान २.४, बाहेरच्याला २.८. एवढं केलं की अर्ज विचारात घेतला जातो. सीएसच्या जागेचा विचार इथून पुढे सुरू होतो.

गोंधळ होतो तो दोन गोष्टींत. ‘यूसीत ट्रान्सफर होणारा कोर्स’ म्हणजे त्याचे युनिट मोजले जातील. ‘आर्टिक्युलेट झालेला कोर्स’ म्हणजे विद्यापीठाच्या अमुक कोर्सऐवजी तो धरला जाईल. योगासनांचा कोर्सही युनिट देऊ शकतो, पण सीएसच्या यादीतली एकही ओळ त्याने भरत नाही.

ती यादी असिस्ट डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळते. शैक्षणिक वर्ष, आपलं कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर निवडलं की दोन रकान्यांचा तक्ता उघडतो. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा. उजवीकडे दोन कोर्स ‘अँड’ने जोडलेले असतील तर दोन्ही लागतात, एकच केला तर अर्धं श्रेय मिळत नाही, काहीच मिळत नाही. ‘ऑर’ असेल तर त्यातला कोणताही एक. ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ लिहिलं असेल तर आपल्या कॉलेजात त्याला पर्याय नाही. अशा वेळी शेजारच्या कॉलेजचा तक्ता उघडायचा. तिथे जुळणारा कोर्स असेल तर तो तिथे करून आणता येतो, कम्युनिटी कॉलेजांचे ऑनलाइन कोर्स एकत्र मिळतात त्या सीव्हीसी एक्सचेंजवरून ऑनलाइनही घेता येतो. बर्कलीच्या सीएस ६१ए या पहिल्या कोर्सबाबत हा प्रश्न हमखास येतो, कारण त्याला जुळणारा कोर्स अनेक कॉलेजांत नाही. तक्ता बघायचा तो कोर्स ज्या वर्षी केला त्या वर्षीचा, आणि त्याची पीडीएफ उतरवून ठेवायची.

आता चार कॅम्पसचे तक्ते शेजारी ठेवून बघा. बर्कलीची सुरुवात पायथनने होते, ६१बी जावात आणि ६१सीमध्ये सी व असेंब्ली. यूसीएलएचे सीएस ३१ आणि ३२ सी++ मध्ये. इर्वाइनचे पहिले कोर्स पायथनचे, डेटा स्ट्रक्चर्स मात्र सी++ मध्ये. सॅन डिएगोत पहिल्या टप्प्यात मुख्यतः जावा. म्हणजे कम्युनिटी कॉलेजात एकाच भाषेची मालिका निवडली तर ती एका ठिकाणी चपखल बसेल आणि दुसरीकडे एखादी ओळ रिकामी ठेवेल.

फिजिक्सचं तर याहून महाग पडतं. यूसीएलएत सीएस हे इंजिनिअरिंग स्कूलमध्ये आहे, तिथे कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्सची मालिका लागते. बर्कलीत दोन वाटा आहेत: ईईसीएस (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स) इंजिनिअरिंगमध्ये, त्याला फिजिक्स लागतं, सीएसची बीए कॉम्प्युटिंगच्या कॉलेजात, तिला लागत नाही. इर्वाइनच्या सीएसलाही नाही. फिजिक्सचे दोन कोर्स म्हणजे आठ-दहा युनिट आणि दर आठवड्याला लॅब. ते घ्यायचे की नाही याचं उत्तर ‘कोणत्या कॅम्पससाठी’ हे ठरल्याशिवाय देताच येत नाही. म्हणून पहिल्याच सत्रात चार-पाच कॅम्पस निवडावेत, त्यांचे तक्ते एका कागदावर उतरवावेत आणि सगळीकडे लागणारे कोर्स आधी घ्यावेत.

मध्येच कॉलेज बदलणाऱ्यांनी आणखी एक बघावं. डी अ‍ॅन्झा आणि फुटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांवर) चालतात, बहुतेक बाकीची कॉलेजं सेमिस्टरवर. डी अ‍ॅन्झाचं कॅल्क्युलस १ए ते १डी अशा चार तुकड्यांत आहे, सेमिस्टरवाल्यांचं साधारण तीन तुकड्यांत. १बी करून सेमिस्टरच्या कॉलेजात गेलं की तुकड्यांच्या कडा जुळत नाहीत. काही भाग दोनदा शिकावा लागतो, काही सुटतो. सुरू केलेली मालिका त्याच कॉलेजात संपवणं सर्वांत सुरक्षित.

“आधी जनरल एज्युकेशन उरका”

पूर्ण संदेशात सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे, आणि दुर्दैवाने ते अगदी समजूतदार वाटतं.

सीएसच्या तयारीत दोन लांब साखळ्या आहेत. पहिली गणिताची: कॅल्क्युलस १, मग २, मग ३, आणि लिनिअर अल्जेब्रा व डिफरन्शियल इक्वेशन्स. दुसरी प्रोग्रामिंगची: प्रोग्रामिंग १, प्रोग्रामिंग २, डेटा स्ट्रक्चर्स, शेजारी डिस्क्रीट मॅथ आणि असेंब्ली किंवा कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन. आधीच्या कोर्सात किमान सी ग्रेड असल्याशिवाय पुढचा कोर्स सिस्टिम घेऊच देत नाही. सेमिस्टरच्या कॉलेजात गणिताची साखळी चार सत्रं खाते, आणि दोन वर्षांत सत्रंही चारच असतात. पहिलं सत्र इतिहास, मानसशास्त्र आणि संवादकौशल्यात घालवलं की दोन वर्षांचा हिशेब तिथेच संपला. त्रिकोणमिती कच्ची म्हणून प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करावी लागली तर आणखी एक सत्र. ते पहिल्या उन्हाळ्यातच, कॉलेज सुरू होण्याआधी उरकलेलं बरं.

जनरल एज्युकेशनच्या कोर्सना अशी साखळी जवळजवळ नाही. ते उन्हाळ्यात, हिवाळी सत्रात, ऑनलाइन कधीही बसवता येतात. अपवाद इंग्रजीचा. लेखनाचे दोन कोर्स यूसीला हवेतच आणि दुसऱ्याला पहिला लागतो, म्हणून ते पहिल्या वर्षीच घ्यावेत. २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रापासून) त्यांचे क्रमांक राज्यभर एकसारखे झाले: इंग्लिश सी१००० आणि सी१००१. जुन्या सल्ल्यातलं ‘इंग्लिश १ए’ शोधत बसू नका.

साधारण आखणी अशी बसते. पहिलं सत्र: कॅल्क्युलस १, प्रोग्रामिंग १, इंग्रजी, हवा असल्यास एक हलका कोर्स. दुसरं: कॅल्क्युलस २, प्रोग्रामिंग २, दुसरं इंग्रजी, लागत असेल तर फिजिक्सचं मेकॅनिक्स. उन्हाळ्यात जनरल एज्युकेशनचे दोन. तिसरं: कॅल्क्युलस ३, डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ, फिजिक्सचा पुढचा कोर्स. चौथं: लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, असेंब्ली आणि उरलेलं. तिसरं सत्र जड आहे. नोकरी करणाऱ्याने ही सगळी आखणी पाच सत्रांत पसरावी, त्यात कमीपणा काही नाही.

आता कॅलेंडर. यूसीचा अर्ज भरायचा असतो दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा हातात ग्रेड असतात फक्त पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचे. फॉलचे ग्रेड जानेवारीतल्या अपडेटमध्ये कळवायचे. पहिल्या वर्षी नुसतं जनरल एज्युकेशन केलेल्या मुलाच्या अर्जात कॅल्क्युलस किंवा प्रोग्रामिंगचा एकही ग्रेड दिसत नाही. सीएसच्या जागांसाठी वाचणाऱ्याने अशा अर्जात बघायचं काय?

शिवाय डेटा स्ट्रक्चर्स किंवा असेंब्ली लहान कॉलेजांत वर्षातून एकदाच असतात, आणि पुरेशी मुलं न आल्यास वर्ग रद्दही होतो. मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं काढून कोणता कोर्स कोणत्या सत्रात असतो हे बघून ठेवा. रजिस्ट्रेशनची तारीख लवकरची मिळावी म्हणून ओरिएंटेशन आणि काउन्सेलरबरोबरचा एज्युकेशन प्लॅन सुरुवातीलाच पूर्ण करा.

ग्रेडबद्दल एक गोष्ट संदेशात कधीच नसते. सी मिळाला की तो कोर्स सुधारण्यासाठी पुन्हा करता येत नाही. कॅल्क्युलस २ घसरतोय असं दिसलं तर डब्ल्यूची (विदड्रॉवल, म्हणजे ग्रेड न घेता कोर्स सोडण्याची) मुदत संपण्याआधी निर्णय घ्यावा लागतो, आणि डब्ल्यू घेतला की साखळी एक सत्र मागे जाते. दोन्हीतलं कमी वाईट कोणतं, हे कोणते कॅम्पस लक्ष्य आहेत त्यावर ठरतं.

जनरल एज्युकेशनच्या संचाचं नाव आता कॅल-गेटसी: ११ कोर्स, ३४ युनिट. २०२५ च्या फॉलपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याने जुन्या आय-गेट-सीची जागा घेतली. सीएसयूला, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला, तो उपयोगी आहेच. पण बर्कलीच्या इंजिनिअरिंगच्या सामाजिक-मानव्य विषयांच्या अटी वेगळ्या आहेत. तिथे हा संच पूर्ण करण्यापेक्षा मेजरची तयारी पूर्ण असणं मोलाचं.

“टॅग आहे ना, मग बर्कली पक्कं”

टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) देणारे कॅम्पस सहा: डेव्हिस, इर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो, त्याचा अर्ज सप्टेंबरात, आणि मुख्य अर्ज नंतर भरायचाच असतो. सहा कॅम्पसमध्येही प्रत्येक मेजर टॅगमध्ये नसतं. सांता बार्बराचं सीएस इंजिनिअरिंगमध्ये आहे आणि त्यांचा टॅग इंजिनिअरिंगला लागू नाही. बाकीच्यांच्या अटी आणि वगळलेली मेजर दर वर्षीच्या टॅग तक्त्यात बदलतात. मागच्या वर्षीच्या सीनियरचं ऐकून चालत नाही. यूसीएलएसाठी टॅप नावाचा ऑनर्स कार्यक्रम सुचवला जातो, पण त्याचा फायदा लेटर्स अँड सायन्सच्या मेजरना, सीएसला नाही.

सीएसयूची हमी वेगळी. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर घेतली की सीएसयूत कुठे तरी जागा मिळते. सॅन होझे स्टेटच्या सीएसमध्येच मिळेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

“दुसऱ्या मेजरला शिरा, मग बदला”

ही वाट बर्कलीत पूर्वी होती: ठरावीक कोर्समध्ये ३.३ जीपीए आणला की सीएस जाहीर करता येई. २०२३ पासून येणाऱ्यांसाठी ते बंद झालं, आता सीएसला प्रवेश मुख्यतः अर्जातच ठरतो. सॅन डिएगोनेही मागणी जास्त असलेल्या मेजरमध्ये आतून बदल करणं कडक केलं आहे. दोन वर्षांसाठी येणाऱ्या ट्रान्सफर विद्यार्थ्याला बदलाची वाट बघायला वेळही नसतो. पर्याय हवाच असेल तर गणित, डेटा सायन्स किंवा कॉग्निटिव्ह सायन्स असा निवडा, ज्यात हेच कोर्स धरले जातील आणि बदल न झाल्यास त्याच पदवीवर समाधान मानता येईल.

“खर्च अर्धा”

राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटचे २,७६०. यापेक्षा स्वस्त काही नाही, आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना अनेक कॉलेजं तेही माफ करतात. एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरची मुलंही वर्षभराच्या वास्तव्याच्या आणि इतर अटी पुऱ्या करून रहिवासी ठरू शकतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भारतातून येणारा मात्र रहिवासी ठरत नाही. त्याला युनिटमागे कित्येक पटींनी जास्त नॉन-रेसिडेंट फी पडते, राहण्याचा खर्च वेगळा, आणि पुढे यूसीत गेल्यावर ट्यूशनवर वर्षाला ३० हजार डॉलरांहून जास्त अधिभार. एखादा कोर्स चुकून एक सत्र वाढलं की जे वाचवलं ते तिथेच जातं.

एफ-१ वाल्याला आणखी एक बंधन आहे. दर सत्राला किमान १२ युनिट हवेत आणि त्या १२ मध्ये ऑनलाइन कोर्स एकच, तीन युनिटपर्यंत, धरला जातो. आपल्या कॉलेजात नसलेला कोर्स सीव्हीसी एक्सचेंजवरून घ्यायचा असेल तर बाकीचे नऊ युनिट वर्गात बसून करायचे आहेत हे धरूनच सत्र आखावं. मध्येच कोर्स सोडून १२ च्या खाली जायची वेळ आली तर डब्ल्यू घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लेखी परवानगी हवी, नंतर नाही.