अ‍ॅम्प्लिफायर विकणे आहे

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांवर गेलेला असताना दुपारी शहाण्या माणसाने खिडक्या लावून झोपावे. मी मात्र माळ्यावरचा वीस वर्षांचा अ‍ॅम्प्लिफायर उतरवून, फडक्याने पुसून, त्याची छायाचित्रे काढली आणि सहा हजार रुपये किमतीसह जाहिरात टाकली. दोन मिनिटांत फोन आला. पलीकडचा गृहस्थ हिंदीत म्हणाला की तो लष्करात आहे, त्याची नुकतीच बदली झाली आहे आणि सहा हजार त्याला मान्य आहेत. पाठोपाठ ओळखपत्राचे छायाचित्रही आले.

मी तेथेच सावध व्हायला हवे होते. जुनी यंत्रे घेणारा खरा गिऱ्हाईक आवाजाची खुंटी फिरवताना खरखर येते का, दोन्ही चॅनल चालतात का, हे विचारल्याशिवाय राहत नाही. मंगळवार बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटे घासाघीस करणाऱ्या आमच्या गावात सहा हजारांना एका दमात होकार देणारा माणूस हा मुळातच संशयास्पद असतो. परंतु त्याने ‘खात्रीसाठी’ आधी एक रुपया पाठवला, तो खरोखरच जमा झाला, आणि त्या एका रुपयाने माझी सारी अक्कल विकत घेतली. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवून सांगितले, की तो स्कॅन करून पिन टाकताच सहा हजार जमा होतील. पिनचे तीन आकडे टाकून झाले होते. शेजारी चटणीसाठी शेंगा सोलत बसलेल्या सूनबाईंनी मान वर न करताच विचारले, “मामा, पैसे यायला पिन कशाला लागतोय?”

पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही. हे मला ठाऊक होते, अगदी इतरांना समजावून सांगण्याइतके ठाऊक होते. बोट पिनच्या शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचले असते तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवताना मी वयाचा आकडा काय सांगितला असता, याची कल्पनाही करवत नाही.

खरेदीतला माझा अनुभव याहून उज्ज्वल आहे, असे नाही. गेल्या वर्षी मी ‘जपानहून आणलेला, उत्तम स्थितीतील’ कॅसेट डेक घेतला. “फक्त प्लग बदलला आहे,” असे विकणाऱ्याने सांगितले होते आणि ते शब्दशः खरे होते. जपानमधील घरांत वीज १०० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० व्होल्टची, त्यामुळे मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, हे सांगण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केलीच नव्हती. दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकने झाकण उघडले, वास घेतला आणि आदराने म्हणाला, “साहेब, दोन सेकंद लई भारी वाजला असणार.”

अशा पूर्वेतिहासामुळे जुळे सोलापुरातून एक निवृत्त शिक्षक अ‍ॅम्प्लिफायर पाहायला आले, तेव्हा मी त्यांच्याकडे गुन्हेगार म्हणूनच पाहिले. ते स्वतःचे स्पीकर, स्वतःची सीडी आणि मल्टिमीटर घेऊन आले होते. मागचे स्क्रू कोणी उघडले आहेत का, हे त्यांनी भिंगातून तपासले, आणि तापल्यावर आवाज फाटतो का, हे पाहण्यासाठी यंत्र तब्बल अर्धा तास चालू ठेवले. मनातून मला त्यांचा आदर वाटत होता; चेहऱ्यावर तो येऊ दिला नाही. त्यांनी फोनवरून पैसे पाठवून हिरवी खूण दाखवली. अशी हिरवी खूण बनावट असू शकते, हे वाचलेले असल्यामुळे मी रक्कम खात्यात दिसेपर्यंत थांबायचे ठरवले, आणि नेमका त्याच वेळी बँकेचा सर्व्हर बसला. पुढची चाळीस मिनिटे ते अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन आणि मी त्यांच्या स्कूटरची किल्ली टीपॉयवर माझ्या बाजूला सरकवून, कडक भाकरी आणि शेंगा चटणी खात, एकमेकांची अत्यंत सभ्यपणे चौकशी करीत राहिलो. रक्कम जमा झाल्यावर त्यांनी यंत्राचा अनुक्रमांक घातलेली पावती माझ्याकडून लिहून घेतली, सही ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि निघाले.

ते गेल्यावर सोफ्याच्या फटीत रिमोट सापडला. मी तत्परतेने फोन लावला आणि म्हणालो, “गुरुजी, तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे, जरा पत्ता सांगता का?”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते ठाम स्वरात म्हणाले, “मी पत्ता सांगणार नाही, पिनही सांगणार नाही,” आणि फोन बंद झाला. त्यानंतर माझा क्रमांक त्यांच्याकडे लागत नाही. रिमोट सध्या शेंगांच्या डब्याशेजारी आहे.