हॉर्सपॉवर एकरावर, पाणी मात्र खोलीवर: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं असं की, सौर कृषी पंपाचं मी उगाच कौतुक केलं. तुमच्या वावरातला ३ एचपीचा पंप दिवाळीपर्यंत बरा चालला, फेब्रुवारीत गव्हाच्या ओलिताला मात्र अकरा ते दोनच धार पडते. आणि दिल्लीच्या हवामान बदलाच्या घोषणांपायी विदर्भातला शेतकरी भरडला जातो; कोळशाची राख आपणच सोसतो, तर कोळशाचीच वीज आपल्याला द्या.

धार कमी पडते हे खरंच आहे. पण फेब्रुवारीत आपल्याकडे आभाळ मोकळं असतं आणि पॅनल मे महिन्यासारखं तापत नाही, म्हणजे वीज चांगलीच बनते. खाली जाते ती विहिरीतली पातळी. जेवढ्या विजेत ६० फुटांवरून १,००० लिटर पाणी वर येतं, तेवढ्याच विजेत १२० फुटांवरून जेमतेम ५०० येतं. त्यात सकाळी नऊला ऊन तिरपं असतं, मोटर हळू फिरते आणि पाणी अर्ध्या पाइपात येऊन थांबतं. आवाज येतो, धार येत नाही. अकरा ते दोनचं कोडं एवढंच आहे.

धोरणाची चूक इथे आहे, आणि तिच्यावर तुम्ही रागावलात ते रास्तच. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे ७.५. म्हणजे जमिनीचं माप घेतलं, पाण्याचं नाही. नदीकाठची भरलेली विहीर आणि वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा खोल बोअर एकाच कोष्टकात. पाहणी पावसाळ्यात झाली, की कागदावर पाणी वरच दिसतं आणि ३० मीटर हेडचा (म्हणजे तेवढ्या उंचीपर्यंतच पाणी चढवणारा) पंप माथी बसतो, जिथे ५० किंवा ७० मीटरचा हवा होता.

तक्रारीआधी मात्र दोन गोष्टी पाहा. धुऱ्यावरच्या बाभळीची सावली एका पॅनलवर जरी पडली तरी त्या ओळीतल्या साऱ्यांची वीज घटते, कारण ते एकामागे एक जोडलेले असतात. आणि पॅनल सकाळीच धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं क्षाराचं पाणी काचेवर वाळू देऊ नका, पांढरा थर बसला की निघता निघत नाही.

कोळशाच्या राखेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं, तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं. राख आपल्या अंगणात, आणि आपल्या शेतातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) थ्री फेज येते रात्रीच्या पाळीला, साप-वाघाच्या वेळेला. पण त्यावर उपाय म्हणून पुन्हा कोळसाच मागणं मला पटत नाही. ग्लासगोत २०२१ साली देशाने २०७० चं नेट झिरो (जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच काढून घेण्याचं उद्दिष्ट) जाहीर केलं, ते बाजूला ठेवू. खोल बोअरवाल्याला कामाची आहे ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना: वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प, अख्ख्या कृषी फीडरला (शेतीपंपांच्या वीजवाहिनीला) दिवसा वीज, आणि तुमची जुनी मोटर तशीच. आपला फीडर त्यात आहे का, हे ग्रामसभेत लेखी विचारा.

तुमच्या पंपासाठी मे महिन्यात दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, मोटरच्या नेमप्लेटवरचं हेड शेजारी लिहा, दोन्हींचे फोटो तक्रारीला जोडा. ‘पाणी कमी येते’ एवढंच लिहिलं, तर माणूस येतो, पॅनल पुसतो आणि जातो.